संपूर्ण संगणकाची राखीव प्रत

घरातील संगणकाचा बॅकअप म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर छायाचित्रे, मुलांचे दाखले, बँकेची विवरणपत्रे आणि हिशेबाच्या फाइली येतात, आणि त्या पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर एकदा चढवल्या की काम झाले असे मानले जाते. या फाइली जपणे सर्वांत निकडीचे आहे यात वाद नाही. परंतु हार्ड डिस्क बंद पडते, किंवा एखाद्या सदोष अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नाही, तेव्हा आणखीही काही हातचे जाते, आणि त्याची मोजदाद आधी सहसा कोणी केलेली नसते. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सगळा कारभार चालवणारी मूळ प्रणाली. तिच्यावर एकेक करून बसवलेले प्रोग्रॅम. प्रिंटर आणि स्कॅनर चालते ठेवणारे ड्रायव्हर. परवाने, फॉन्ट, कळफलकाची मांडणी आणि वर्षानुवर्षे जुळत आलेल्या असंख्य लहानमोठ्या सेटिंग्ज मिळून संगणकाची जी घडी बसलेली असते, ती एका क्षणात विस्कटते.

अशा वेळी आपल्याकडे रूढ असलेला उपाय म्हणजे डिस्क फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणे. विंडोज टाकून होण्यास फारसा वेळ लागत नाही. खरा वेळ त्यानंतर जातो, कारण जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधणे, विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची सीडी किंवा परवान्याचा क्रमांक शोधून काढणे आणि प्रत्येक गोष्ट पूर्वीसारखी लावणे हे काम अनेक दिवस रेंगाळते. यातील काही गोष्टी तर पुन्हा मिळतच नाहीत. महाराष्ट्रात घरी बसून अक्षरजुळणी, लग्नपत्रिका किंवा पुस्तकांची मांडणी करणाऱ्या अनेकांना ही अडचण नेमकी ठाऊक असते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘आयएसएम’ किंवा ‘आकृती’ यांसारख्या प्रोग्रॅममध्ये जे मराठी लेखन झाले, ते त्या त्या प्रोग्रॅमच्या स्वतंत्र फॉन्टसंकेतात साठवलेले आहे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. फाइल सुरक्षित असूनही मजकूर हाती येत नाही अशी ही अवस्था असते. ज्या संगणकावर असा जुना प्रोग्रॅम अजून चालतो आहे आणि त्याची मूळ सीडी मात्र गहाळ झाली आहे, त्या संगणकाच्या संपूर्ण प्रणालीची प्रत ठेवणे हे त्यावर झालेल्या लेखनाची प्रत ठेवण्याइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

ही प्रत नेहमीच्या कॉपी-पेस्टने का घेता येत नाही, हे समजण्यासाठी डिस्कवर काय काय असते ते पाहावे लागते. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाची खिडकी उघडली, तर जिला आपण ‘सी ड्राइव्ह’ म्हणून ओळखतो ती जागा डिस्कचा एक विभाग, म्हणजे एक पार्टिशन, असल्याचे दिसते. अलीकडच्या संगणकांत तिच्या आधी साधारण १०० ते २६० एमबीचा एक छोटा विभाग असतो. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात, आणि बटण दाबल्यावर संगणक सर्वप्रथम ज्या बूट लोडरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम जागी करणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमचा, शोध घेतो तो तेथे राहतो. त्याच्या शेजारी १६ एमबीचा एक राखीव विभाग असतो, जो या खिडकीत दिसतही नाही, आणि बहुधा सी ड्राइव्हच्या पाठोपाठ काहीशे एमबीचा रिकव्हरी विभाग असतो, ज्यात विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठी उघडणारी साधने ठेवलेली असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये यांपैकी सी ड्राइव्ह तेवढा दिसतो. त्यातील प्रत्येक फाइल दुसऱ्या डिस्कवर नेली तरी ती डिस्क स्वतःहून सुरू होणार नाही, कारण सुरू करणारा विभाग मागेच राहिलेला असतो; शिवाय विंडोज चालू असताना रजिस्ट्रीसारख्या, म्हणजे सर्व सेटिंग्जची नोंद ठेवणाऱ्या, फाइली प्रणालीने स्वतःसाठी अडवून धरलेल्या असतात आणि त्या साध्या रीतीने उचलताच येत नाहीत.

म्हणून येथे वेगळी पद्धत वापरावी लागते, आणि तिला डिस्क इमेज म्हणतात. इमेज म्हणजे डिस्कवरील सर्व आवश्यक विभागांची, त्यांच्या रचनेसह आणि क्रमासह, एका मोठ्या फाइलीत किंवा काही फाइलींच्या संचात घेतलेली हुबेहूब नोंद. ती उलट्या दिशेने नव्या डिस्कवर उतरवली की जुना संगणक त्याच अवस्थेत पुन्हा उभा राहतो. घरगुती संगणकांत ही कल्पना रुजवण्याचे मोठे श्रेय ‘घोस्ट’ या प्रोग्रॅमकडे जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरी हॅझार्ड यांनी १९९५ मध्ये तो तयार केला, १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला, आणि पुढे अनेक वर्षे एका संगणकासारखे दुसरे वीस संगणक तयार करण्याच्या कामाला ‘घोस्ट मारणे’ असे आपल्याकडील संगणक प्रयोगशाळांतही म्हटले जात असे. २०१३ मध्ये ‘नॉर्टन घोस्ट’ची विक्री थांबली, पद्धत मात्र टिकून राहिली. आजची चांगली साधने डिस्कची प्रत्येक चौकट उतरवून घेत बसत नाहीत. जेथे प्रत्यक्ष माहिती लिहिलेली आहे तेवढाच भाग वाचतात आणि तो दाबून लहान करतात, त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर ९० जीबी मजकूर असेल तर इमेज सहसा ९० जीबीपेक्षाही कमी जागेत मावते.

चालू संगणकाची प्रत घेताना एक मूलभूत अडचण येते. प्रत घेण्यास तासभर लागला, तर त्या तासात फाइली बदलत राहतात, आणि सुरुवातीला वाचलेला भाग शेवटी वाचलेल्या भागाशी जुळेनासा होतो. विंडोजने यावर व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सोय काढली आहे. इमेज घेण्यास प्रारंभ होताच ही सोय त्या क्षणाची डिस्क गोठवल्यासारखी धरून ठेवते. त्यानंतर एखादा भाग बदलणार असेल तर बदल होण्यापूर्वीचा मजकूर बाजूला जपला जातो, आणि प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेवटपर्यंत तो पहिला क्षणच दिसत राहतो. दुसरा मार्ग अधिक सरळ आहे: विंडोज सुरूच करायची नाही, पेन ड्राइव्हवरून स्वतंत्र छोटी प्रणाली सुरू करायची आणि झोपलेल्या डिस्कची प्रत घ्यायची.

विंडोजमध्ये ‘रिस्टोअर’, ‘रिसेट’ आणि ‘बॅकअप’ अशा नावांच्या अनेक सोयी असल्यामुळे या बाबतीत बराच गोंधळ होतो, आणि तो महागात पडू शकतो. सिस्टीम रिस्टोअर ही २००० मधील विंडोज एमईपासून आलेली सोय प्रणालीच्या निवडक फाइली आणि रजिस्ट्री यांची जुनी अवस्था जपून ठेवते. चुकीचा ड्रायव्हर बसवला गेला तर ती उपयोगी पडते, पण तिने जपलेले सगळे त्याच डिस्कवर असते, त्यामुळे डिस्क गेली की तेही जाते. ‘रिसेट धिस पीसी’ ही सोय विंडोज नव्याने बसवते आणि सांगितल्यास वैयक्तिक फाइली राखते, पण बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम काढून टाकते. ‘विंडोज बॅकअप’ या नावाने अलीकडे आलेला प्रोग्रॅम काही फोल्डर, सेटिंग्ज आणि प्रोग्रॅमची यादी वनड्राइव्हवर पाठवतो. तेथे विनामूल्य जागा ५ जीबी मिळते, आणि यादी म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा तो त्या संगणकांवरील शॅडो कॉप्याही पुसून टाकत असे, जेणेकरून मागे फिरण्याची वाट उरू नये. संगणकाच्या पोटातच ठेवलेली राखीव प्रत किती कच्ची असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

इमेज घेण्याचे एक साधन विंडोजमध्येच आहे, मात्र ते आडबाजूला ठेवलेले आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ या नावापुढे कंसात ‘विंडोज ७’ असे लिहिलेली जागा विंडोज १० आणि ११ मध्येही सापडते, आणि तेथे डाव्या बाजूला ‘क्रिएट अ सिस्टीम इमेज’ असा पर्याय दिसतो. त्यासाठी बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क लागते, साधा पेन ड्राइव्ह हे साधन स्वीकारत नाही, आणि त्या डिस्कवर एनटीएफएस ही विंडोजची फाइलरचना असावी लागते. जुन्या एफएटी-३२ रचनेत ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. काम पूर्ण झाल्यावर त्या डिस्कवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचे फोल्डर तयार होते. या फोल्डरचे नाव हौसेने बदलले किंवा ते दुसऱ्या फोल्डरच्या आत नेऊन ठेवले, तर पुनःस्थापनेच्या वेळी विंडोजला इमेज सापडत नाही. आणखी एक अट अशी, की नवी डिस्क जुन्या डिस्कपेक्षा आकाराने लहान असेल तर, प्रत्यक्ष मजकूर कितीही थोडा असला तरी, हे साधन ती इमेज उतरवण्यास नकार देते. १ टीबीची जुनी हार्ड डिस्क काढून ५१२ जीबीची वेगवान एसएसडी बसवणाऱ्यांची येथे निराशा होते.

या साधनाचा विकास मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच थांबवल्याचे जाहीर केले आणि संपूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांची साधने वापरावीत असे सुचवले. ते अजून चालते, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यावर विसंबू नये हे बरे. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात विकसित झालेले ‘क्लोनझिला’ हे मुक्त आणि विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवरून सुरू होते, विंडोज आणि लिनक्स दोन्ही हाताळते आणि अत्यंत भरवशाचे आहे. त्याचा पडदा केवळ अक्षरांचा असून प्रत्येक पायरीवर तांत्रिक प्रश्न विचारतो, आणि मूळ डिस्क कोणती व लक्ष्य डिस्क कोणती यात गल्लत झाली तर भरलेली डिस्क पुसली जाऊ शकते, हा त्याचा धोका आहे. ज्यांना हा पडदा जड वाटतो त्यांच्यासाठी ‘रेस्क्यूझिला’ हे माऊसने चालणारे साधन आहे आणि ते क्लोनझिलाच्या इमेजही वाचू शकते. ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’ची विनामूल्य आवृत्ती अनेक वर्षे लोकप्रिय होती, परंतु कंपनीने ती बंद केली आहे; ‘व्हीम एजंट’ची विनामूल्य आवृत्ती मात्र विंडोज चालू असतानाच ठरल्या वेळी प्रत घेते. मॅक वापरणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे: २०२० च्या बिग सरपासून तेथे मूळ प्रणाली स्वतंत्र, मुद्रांकित विभागात बंद असते, त्यामुळे २००७ पासूनची टाइम मशीन ही सोय प्रोग्रॅम, सेटिंग्ज आणि फाइली जपते आणि प्रणाली स्वतः पुन्हा उतरवून घेतली जाते. लिनक्सवर ‘टाइमशिफ्ट’ प्रणालीच्या अवस्था जपतो, पण घरच्या फाइली मुळात वगळतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

इमेज घेतली की अर्धे काम होते. विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा त्या इमेजपर्यंत पोहोचायचे कसे, हा दुसरा अर्धा भाग आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच राहून गेलेला आढळतो. त्यासाठी बूट होणारा, म्हणजे संगणक ज्याच्यावरून स्वतंत्रपणे सुरू होऊ शकेल असा, पेन ड्राइव्ह संगणक धडधाकट असतानाच तयार करून ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार होतो आणि त्यातूनच दुरुस्तीची साधनेही उघडतात. बाहेरचे साधन वापरले असेल तर त्या त्या साधनाचा रेस्क्यू ड्राइव्ह बनवावा लागतो. मग तो जोडून संगणक सुरू करताना बूटची यादी उघडणारी कळ दाबायची असते, आणि ही कळ कंपनीगणिक बदलते: कोठे एफ-१२, कोठे एफ-९, कोठे एफ-८ किंवा एस्केप. ती आधीच दाबून पाहून कागदावर लिहून ठेवावी.

त्याच कागदावर आणखी एक क्रमांक असावा. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर संकेतबद्ध करणारी सोय, मालकाच्या लक्षातही न येता चालू झालेली असते, आणि बाहेरून दुरुस्ती करू पाहताच संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ते संगणक कार्यालयांचे होते, पण त्यातून दिसलेली गोष्ट घरालाही लागू पडते: एक फाइल काढून टाकली की यंत्र सुरू होत होते, उपाय त्याच दिवशी जाहीर झाला होता, तरीही प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते दुरुस्तीच्या अवस्थेत उघडावे लागत होते आणि संकेतबद्ध डिस्कसाठी ती की हाताशी असावी लागत होती. घरगुती संगणकाची की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तेथून ती आधीच उतरवून घेता येते. येथे एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. विंडोज चालू असताना घेतलेली इमेज सहसा संकेतमुक्त असते, कारण प्रणालीने त्या वेळी डिस्क उघडलेली असते; म्हणून ती इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला घरातील सगळे वाचता येते. तिला साधनातच पासवर्ड लावावा. उलट, संकेतबद्ध डिस्कची क्लोनझिलाने बाहेरून प्रत घेतली तर त्याला आतील रचना दिसत नाही, आणि रिकाम्या जागेसह संपूर्ण डिस्क उतरवावी लागल्याने इमेज फुगते.

इमेज कधी घ्यावी याबाबत बहुतेकांचा क्रम उलटा असतो. संगणक रखडू लागला, विचित्र संदेश येऊ लागले की बॅकअप सुचतो. परंतु त्या वेळी घेतलेली इमेज बिघाडासकट उभी राहते. सर्वांत मोलाची इमेज असते ती विंडोज स्वच्छ बसवून, आवश्यक प्रोग्रॅम, मराठी कळफलक, प्रिंटर आणि अपडेट सगळे लावून झाल्या दिवशी घेतलेली, आणि ती पुढे कधीही पुसू नये. त्यानंतर मोठ्या अपडेटपूर्वी आणि एरवी तीन-चार महिन्यांतून एकदा नवी इमेज पुरते. जी साधने पहिल्या पूर्ण प्रतीनंतर केवळ बदललेला भाग घेतात, त्यांच्या वाढीव प्रतींमुळे जागा वाचते, पण साखळीतील एक फाइल खराब झाली की तिच्या पुढच्या सगळ्या निरुपयोगी ठरतात. घरासाठी थोड्या पूर्ण प्रतीच बऱ्या. रोज बदलणाऱ्या फाइलींचा बॅकअप मात्र वेगळा आणि रोजचा असावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने काही वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले. अशा वेळी तीन महिन्यांपूर्वीची इमेज प्रणाली परत देते, पण कालचे पत्र देत नाही.

इमेज असलेली हार्ड डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसलाही तितकीच खुली असते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ‘३-२-१’ हा नियम सांगतो, की मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात घरे आणि दुकाने पाण्याखाली गेली, तेव्हा संगणक आणि त्याच्या खालच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क यांची गत एकच होऊ शकते हे नदीकाठच्या प्रत्येकाला उमगले असेल. शंभर जीबीची इमेज इंटरनेटवर चढवण्यापेक्षा ती डिस्क दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवणे बहुतेक घरांना सोपे जाते.

दुसऱ्या संगणकावर इमेज उतरवण्याचा प्रश्न वेगळा आहे. मदरबोर्ड बदलला की विंडोज ताबा घेण्यापूर्वीच ड्रायव्हरवर अडू शकते, आणि विंडोज १० पासूनचा डिजिटल परवाना यंत्राशी बांधलेला असल्याने नव्या यंत्रावर तो आपोआप मान्य होत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचा नियमित पाठिंबा संपल्यामुळे अनेक घरांत नवा संगणक येत असताना हा प्रश्न अधिक जाणवतो. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील ‘डिस्क-टू-व्हीएचडी’ हे लहानसे साधन जुन्या संगणकाची डिस्क आभासी डिस्कच्या फाइलीत उतरवते, आणि ती फाइल नव्या संगणकावर आभासी यंत्रात, म्हणजे एका प्रणालीच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत, उघडता येते. परवान्याच्या अटी पाहाव्या लागतात आणि डोंगल, म्हणजे परवाना सिद्ध करणारी यूएसबीची किल्ली, असेल तर ती आभासी यंत्राला जोडून द्यावी लागते. तरीही जुन्या मराठी फॉन्टसंकेतातील पुस्तके उघडून युनिकोडमध्ये आणण्यासाठी तो संगणक आणखी काही वर्षे जिवंत ठेवण्याचा हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे, आणि ज्यांच्याकडे असा मजकूर पडून आहे त्यांनी यंत्र बंद पडण्यापूर्वीच तो अवलंबायला हवा.

घेतलेली इमेज खरोखर उतरते की नाही, याची खात्री दोन पायऱ्यांनी करता येते. साधनातील पडताळणीचा पर्याय प्रत्येक भागाची गणिती बेरीज पुन्हा जुळवून फाइल अखंड असल्याचे सांगतो. पूर्ण खात्री मात्र मूळ डिस्क काढून ठेवून, तेवढीच किंवा अधिक मोठी दुसरी डिस्क बसवून, तिच्यावर इमेज प्रत्यक्ष उतरवल्यावरच होते. हे काम सुरू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क सुरू होत नाही, म्हणून डेस्कटॉप असेल तर तो यूपीएसवर असावा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा. विंडोज सुरू झाली, पासवर्ड स्वीकारला, प्रिंटरने एक पान छापले आणि जुन्या फॉन्टमधील एक फाइल वाचता आली, म्हणजे इमेज कामाची आहे. त्यानंतर मूळ डिस्क पुन्हा बसवून, चाचणीची तारीख, बूटची कळ आणि ४८ अंकी की लिहिलेला तो कागद पेन ड्राइव्हसोबत एका पाकिटात ठेवावा, आणि इमेजची डिस्क मात्र त्या पाकिटापासून वेगळ्या जागी असावी.